पुळणीवर किक वेगवान होत नाही

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला गुहागरच्या पुळणीवर आलात तर सुरूच्या सावलीत पांढऱ्या ड्रेसातली पंधरा-वीस पोरं ओळीनं किक मारताना दिसतील. त्यांना तायक्वांदो शिकवतो तो मी. मागे पालक बसलेले असतात. त्यांतले एक काका आठवड्यातून एकदा तरी मला सुनावतात, "सर, सुक्या वाळूत घ्या यांना. वाळूत सराव केला की पाय पिसासारखा होतो."

मी मान डोलावतो. वाद घालत नाही, कारण वीसेक वर्षांपूर्वी मीही हेच मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, पोटऱ्यांना दीड-दीड किलोच्या वाळूच्या पिशव्या बांधून दोन वर्षं याच पुळणीवर घाम गाळला होता. दम वाढला, मांड्या जांभ्या दगडासारख्या झाल्या. मग स्पर्धेला गेलो आणि माझ्याहून बारीक, समुद्र फक्त सहलीला पाहिलेल्या एका मुलानं पहिल्याच फेरीत मला गारद केलं. त्याचा पाय मला दिसलाच नाही. छातीच्या गार्डवर 'टप्' वाजलं, तेव्हा कळलं की किक बसली.

माझ्याकडे ताकद होती, दम होता, मेहनत तर होतीच होती. मग नव्हतं काय? त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतो. उदाहरणं तायक्वांदोची असली तरी कराटे, किकबॉक्सिंगवाल्यांनाही ते जसंच्या तसं लागू आहे. मांडीची आणि गुडघ्याची रचना कोणत्या संघटनेचं ओळखपत्र खिशात आहे हे विचारत नाही.

आधी 'वेग' म्हणजे काय ते बघू

'याची किक फास्ट आहे' असं म्हणताना आपण तीन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. समोरच्याची फट दिसल्यापासून आपला पाय हलेपर्यंतचा वेळ, ही पहिली. पाय सुटल्यापासून लक्ष्यावर पोचेपर्यंतचा वेळ, ही दुसरी. आणि आपण निघालोय हे समोरच्याला किती उशिरा कळतं, ही तिसरी. सराव करणारे सगळे दुसरीच्या मागे लागतात. सामने बहुतेक वेळा पहिलीवर आणि तिसरीवर जिंकले जातात.

पहिलीचं गणित असं. डोळ्यांना काही दिसल्यावर माणसाची हालचाल सुरू व्हायला साधारण 0.2 सेकंद लागतात. आवाज ऐकून निघायचं असेल तर थोडे कमी, 0.15 च्या आसपास. धावण्याच्या मोठ्या शर्यतीत इशाऱ्यानंतर 0.1 सेकंदाच्या आत निघालेल्या धावपटूची सुरुवात चुकीची धरतात ती यामुळेच. इतक्या लवकर ऐकून निघणं माणसाला जमणार नाही, त्यानं अंदाजानं उडी मारली असणार, असा तो नियम सांगतो. आता हे 0.2 सेकंद जातात कुठे? मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून सेकंदाला साधारण 50-60 मीटर वेगानं पळतो. डोक्यापासून पावलापर्यंतचं अंतर दीडेक मीटर. म्हणजे त्या प्रवासाला 0.03 सेकंदही लागत नाहीत. बाकी सगळा वेळ बघण्यात, ओळखण्यात आणि ठरवण्यात जातो.

त्यातलं 'ठरवणं' महाग. विल्यम हिक या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं 1952 मध्ये दाखवून दिलं की समोर पर्याय जितके जास्त, तितका निवडीला वेळ जास्त. म्हणून बारा प्रकारच्या किक डोक्यात घेऊन मॅटवर उतरलेला पोरगा, दोनच किक पक्क्या असलेल्या पोरासमोर चाचपडतो. जास्त येणं वाईट नाही. पण सामन्याला जाताना पिशवी हलकी हवी.

टाळीवर किक मारून घेण्याबद्दलही इथेच सांगतो. आमच्याकडे सगळीकडे हा प्रकार चालतो, मीही करत असे. सर टाळी वाजवतात, पोरं किक मारतात, सगळ्यांना बरं वाटतं. पण सामन्यात प्रतिस्पर्धी टाळी वाजवून फट उघडत नाही. त्यानं हात खाली आणला, वजन पुढच्या पायावर टाकलं, तर ते डोळ्यांनी टिपायचं असतं. कानाच्या सरावानं कान तयार होतो. त्यामुळे आता मी टाळी सोडली. टार्गेट पाठीमागे लपवतो, अचानक पुढे आणतो, कधी आणल्यासारखं करून परत नेतो. खोटं आणलेलं असताना पाय उचललेल्याला दोन जोर.

खांदा चुगली करतो

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, आणि ती फुकट मिळणारी आहे. किक मारण्याआधी बहुतेकांचं शरीर आपण होऊन बातमी फोडतं. कुणाचा खांदा खाली जातो, कुणाचे हात पंखासारखे पसरतात, कुणी श्वास आत ओढतो, कुणी मागचा पाय किंचित आणखी मागे घेतो, जणू विटीला टोला मारायचाय. काही जण तर जिथे मारायचं तिकडे टक लावून बघतात.

समजा किक लक्ष्यावर पोचायला 0.3 सेकंद लागतात. समोरच्याला ओळखून हालायला 0.2 हवेत, वर बाजूला सरकायला थोडा वेळ. म्हणजे किक चांगली असेल तर ती बसण्याची शक्यता भरपूर. पण तुमचा खांदा पायाच्या 0.1 सेकंद आधी हलला, की समोरच्याच्या हातात 0.3 ऐवजी 0.4 सेकंद आले. दोन वर्षं घाम गाळून पायाचा प्रवास 0.05 नं कमी करायचा आणि खांद्यानं 0.1 परत देऊन टाकायचे, हा आंबे विकून बाठे विकत घेण्याचा व्यवहार झाला. मी नेमकं तेच करत होतो.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे. आरशासमोर किंवा मित्रासमोर उभं राहून अगदी सावकाश किक सुरू करायची आणि सर्वांत आधी काय हलतं ते बघायचं. पहिला गुडघा हलला पाहिजे. त्याआधी जे काही हलेल ते चुगलीखोर.

पाग फेकणारा माणूस

आता पायाच्या प्रवासाकडे येऊ. बाजूनं गोल फिरून येणारी किक, जिला तायक्वांदोत दोल्योचागी आणि कराटेत मावाशी गेरी म्हणतात, तीच धरू. चांगल्या खेळाडूचं पाऊल यात सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगानं जातं. म्हणजे ताशी 36 किलोमीटर. घाट चढणाऱ्या एसटीला त्यानं कधीच मागे टाकलं. मांडीचा कुठलाही एकटा स्नायू पावलाला इतका वेग देऊ शकत नाही. मग तो येतो कुठून?

याचं उत्तर मला खाडीवर मिळालं. पाग फेकणारा माणूस तुम्ही पाहिला असेलच. गोल जाळं, कडेला शिशाचे मणी, मधली दोरी मनगटाला बांधलेली. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो जाळं अंगावर घेतो, थोडा मागे वळतो आणि फेकतो. जाळं हवेत पूर्ण गोल उघडतं. मी हौसेनं एकदा फेकून पाहिलं तर ते बोचक्यासारखं समोरच डुबुक झालं. बाजूचे म्हातारबुवा म्हणाले, "जोर नको लावू. जोर लावलास की जाळं गोळा होऊन पडतं. कमरेतून फिर, हात आपसूक येतो."

त्यांच्याकडे पाहत राहिलो तर दिसलं की त्यांची पावलं आधी वळतात. मग कंबर. कंबर थांबू लागली की खांदा सुटतो. खांदा मंदावला की हात, आणि हात थांबला की जाळ्याची कड. प्रत्येक टप्पा आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा हलका, त्यामुळे तोच वेग त्याच्यापाशी मोठा होऊन पोचतो. गोफणीचं, चाबकाचं हेच. चाबकाची मूठ सावकाश फिरते आणि टोक कडाडतं.

किकमध्ये जमिनीवरच्या पायाचा रेटा, मग कंबर, मग मांडी, शेवटी गुडघ्याखालचा पाय असा क्रम असतो. प्रयोगशाळेत कॅमेऱ्यांनी मोजलं की एक गंमत दिसते. गुडघ्याखालचा पाय सर्वांत वेगात सुटतो, त्या वेळी मांडीचा वेग कमी होत असतो. नवखा पोरगा नेमकं उलट करतो. तो मांडी आणि पाय एकदमच, एका फळीसारखे फिरवतो. सगळे स्नायू एकाच क्षणी जोर लावतात. बघणाऱ्याला वाटतं केवढी ताकद! प्रत्यक्षात कुणीच कुणाला काही देत नाही. म्हातारबुवांच्या भाषेत, जाळं गोळा होऊन पडलं.

या क्रमातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे खाली उभा असलेला पाय. त्याची टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. ती वळली नाही तर कंबर अर्ध्यावर अडकते, कारण खुब्याच्या सांध्यात मांडीचं हाड एका मर्यादेपुढे बाजूला वर जाऊच शकत नाही, हाडाला हाड भिडतं. टाच वळली की कंबर वळते आणि त्या हाडाला वाट मोकळी होते. 'सर, माझा पाय वर जात नाही' म्हणणाऱ्या निम्म्या पोरांचा प्रश्न मांडीच्या ताणाचा नसतो, टाचेचा असतो.

झेला लांब धरायचा की आखूड?

आंबे उतरवायचा लांब झेला अगदी टोकाला धरून आडवा फिरवून बघा. खांदा निघून येईल. तोच मधोमध धरून फिरवा, सहज फिरतो. वजन तेवढंच, फक्त ते फिरण्याच्या जागेपासून किती दूर आहे हे बदललं. आणि हा फरक सरळ पटीत होत नाही, वर्गाच्या पटीत होतो. वजन निम्म्या अंतरावर आणलं तर फिरवायला लागणारा प्रयास चौथा हिस्सा होतो.

माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण 16 टक्के असतो. पन्नास किलोच्या मुलीचा पाय आठ किलो. तो सरळ ठेवून फिरवायचा म्हणजे झेला टोकाला धरण्यासारखंच. म्हणून गुडघा घट्ट मिटून, टाच कुल्ल्याजवळ आणून मांडी फिरवायची, आणि पाय अगदी शेवटी उघडायचा. गुडघा जितका घट्ट मिटलेला तितकी मांडी लवकर वर येते, आणि समोरच्याला ही किक पोटात येणार की कानशिलावर हे शेवटपर्यंत कळत नाही. ते दोन ठिकाणांचे गुणही वेगळे. तायक्वांदोत अंगावरच्या साध्या किकला 2, डोक्यावरच्याला 3.

किक बसल्यावर पाय तितक्याच वेगानं मिटून परत आणणं हाही याचाच भाग. आळशी परतीमुळे पुढची किक उशिरा सुटते आणि पाय समोरच्याच्या हाती लागतो.

सोडणं शिकायला वर्षं लागतात

कुठलाही सांधा दोन बाजूंच्या स्नायूंनी चालतो. गुडघा सरळ करायला मांडीच्या पुढचे स्नायू, मिटायला मागचे. पाय वेगानं उघडायचा असेल तर पुढच्यांनी ओढलं पाहिजे आणि त्याच वेळी मागच्यांनी सोडलं पाहिजे. नवख्याचे दोन्ही एकदम आवळलेले असतात. घाबरलेला, चिडलेला किंवा 'आज दाखवतोच' म्हणून आलेला माणूस अंगभर आवळलेला असतो. हँडब्रेक ओढून स्कूटर रेटण्यातला हा प्रकार.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅक्गिल यांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या अव्वल खेळाडूंच्या अंगाला तारा लावून फटका मारताना स्नायू केव्हा जागे होतात ते मोजलं. जोरदार आणि जलद फटक्यांत त्यांना बऱ्याचदा दोन शिखरं दिसली. सुरुवातीला एक झटका, मग स्नायू सैल, आणि फटका बसताना पुन्हा एक झटका. मधल्या सैल काळात अवयव मोकळा उडतो. शेवटच्या झटक्यानं अंग क्षणभर एकसंध होतं आणि मागचं वजन फटक्यात उतरतं. आपले जुने शिक्षक किहापची, म्हणजे ओरडण्याची वेळ नेमकी फटक्यावरच ठेवायला सांगायचे ते उगाच नाही. ओरडताना श्वास सुटतो, पोट घट्ट होतं. नवखे मात्र आधी ओरडतात, मग किक मारतात.

सैलपणा शिकवायचा कसा, हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही, पण एक गोष्ट उपयोगी पडते. नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, दोरीनं छातीच्या उंचीवर टांगायचं आणि पोरांना सांगायचं, जोरात मारायचंच नाही, फक्त 'चट्' असा आवाज आला पाहिजे. ढकललेलं सोडण मुकाट्यानं लांब जातं. सैल पायानं मारलेलं वाजतं आणि जागच्या जागी थरथरतं. कान हा इथे खरा गुरू. आणखी एक म्हणजे, निशाण सोडणाच्या पृष्ठभागावर न धरता वीतभर पलीकडे धरायचं. जिथे थांबायचं ठरवतो त्याच्या बरंच आधी शरीर ब्रेक लावायला लागतं, गुडघा वाचवायला. निशाण पलीकडे असलं की लक्ष्यावर पोचताना ब्रेक लागलेला नसतो.

बांगड्याची काळी पट्टी

आता सरावाचं प्रमाण. यासाठी ताटातला बांगडा बघू. कातडीखाली कडेनं जी काळपट-लाल पट्टी असते, ती काही पोरं बाजूला काढून ठेवतात. ती पट्टी म्हणजे संथ स्नायू. बांगडा दिवसभर पोहतो तो त्या पट्टीच्या जिवावर. त्यात रक्त भरपूर, प्राणवायू भरपूर, थकवा कमी. उरलेलं फिकट मांस म्हणजे चपळ स्नायू. मागे मोठा मासा लागला की एकदम उसळी मारायला ते कामाला येतं, आणि लगेच थकतं. कुप्पा, म्हणजे ट्यूना, सतत लांब पल्ल्याचं पोहणारा, म्हणून त्याचं मांस लालभडक. पापलेटचं मांस पांढरं.

माणसाच्या मांडीतही दोन्ही जातीचे धागे असतात, फक्त माशासारखे वेगळे पट्टे नसून मिसळलेले. आणि शरीर कंजूष आहे. हळू काम असेल तर ते आधी संथ धागे कामाला लावतं. चपळ धागे तेव्हाच उठतात जेव्हा काम जोराचं किंवा झटक्याचं असतं. शंभर-दोनशे किक एका दमात मारणारा पोरगा पहिल्या दहानंतर काय करतो? वेग कमी करतो, नाहीतर तो पोचणारच नाही. म्हणजे उरलेल्या नव्वद किक त्यानं हळू मारण्याचा सराव केला. आणि शरीर जे करतं तेच शिकतं. तुम्ही मनात काय धरलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

झटक्याच्या कामासाठी स्नायूत तयार इंधनाचा छोटा साठा असतो. पूर्ण जोर लावला तर तो दहाएक सेकंदांत संपत येतो. अर्धा भरून यायला साधारण अर्धा मिनिट, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. म्हणून वेगाच्या सरावाचं रूप बाहेरून आळशी दिसतं. अंग गरम झालं की लगेच, ताजेपणी, चार-पाच किक पूर्ण वेगानं. मग दीड-दोन मिनिटं नुसतं फिरायचं. पुन्हा चार-पाच. एका पायाच्या तीसेक किक झाल्या की पुरे, आणि त्याआधीच आवाज बोथट झाला तर तिथेच थांबायचं. आठवड्यातून दोन-तीनदा. दमाचा सराव वेगळा, तो तासाच्या शेवटी. दम नको असं मी म्हणत नाहीये, तीन फेऱ्या खेळायला तो हवाच. पण तो आधी घेऊन मग वेग मागायचा म्हणजे जेवण झाल्यावर तांदूळ धुवायला घेणं.

पालकांना हे पटवणं कठीण जातं. फी भरल्यावर पोरगं घामानं निथळत घरी आलं पाहिजे असा हिशेब असतो. पोरं दोन मिनिटं उभी दिसली की काकांची चुळबुळ सुरू होते.

तर मग वाळूत काय होतं?

काकांचा तर्क साधा आहे. अवघड जागी सराव केला की सोप्या जागी सहज जमेल. ताकदीच्या बाबतीत हे थोडंफार खरं. वेगाच्या बाबतीत उलटं.

इंग्रज शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून एक नियम मांडला. भार जितका जास्त, तितका स्नायू हळू आखडतो. भार वाढवून वेगाचा सराव करताच येत नाही, कारण भार आला की वेग गेला. पोटरीला दीड किलो बांधलं तर ते झेल्याच्या अगदी टोकाला वजन लावल्यासारखं होतं. पाय संथ फिरतो, क्रम बिघडतो, आणि पाय झटकून उघडला की ते वजन गुडघ्याला पुढे खेचतं. पिशव्या सोडल्यावर पाय हलका वाटतो हे खरं, मलाही वाटायचा. वाटतो, आणि तेवढंच. त्या पिशव्या मी नंतर दारामागे ठेवल्या, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. तिथे त्यांचा उपयोग झाला.

सुक्या वाळूचं दुखणं वेगळं आहे. पाग फेकणाऱ्याची सुरुवात पावलांच्या रेट्यानं होते. घट्ट जमिनीला रेटलं की जमीन तितक्याच जोरानं उलट रेटते, आणि पोटरीची शीर स्प्रिंगसारखी ताणून सुटते. भुसभुशीत वाळूत तुमचा रेटा कण सरकवण्यात खर्च होतो. सुक्या वाळूत धावायला घट्ट जमिनीपेक्षा साधारण दीडपट ऊर्जा लागते, ती अशी वाया जाते म्हणून. शिवाय पाऊल रुततं, टाच वळत नाही. वर कंबर फिरते, खाली पाऊल अडकलेलं, आणि मधला पीळ गुडघ्यावर. किकच्या सरावाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

कंबरभर पाण्यात किक मारण्याचंही खूळ आहे. पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट. त्यात वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे पाणी तुम्हाला वेग घेऊच देत नाही, आणि घेतलात तर ब्रेक तेच लावतं. दुखापतीतून उठताना, सांध्यावर भार न घेता हालचाल करायला पाणी फार चांगलं.

पुळणीचा उपयोग मी करतो, पण दुसऱ्याच कामासाठी. उड्या आणि पडणं शिकवायला सुकी वाळू उत्तम, लागत नाही. दमाच्या दिवशी त्यात धावणंही होतं. किक मात्र ओहोटीला, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट पट्ट्यावर, आणि पूर्ण वेगाच्या किक फक्त मॅटवर.

ताकद लागत नाही असा अर्थ कुणी काढू नये. लागते, पण लवकर येणारी. स्नायूला आपला पूर्ण जोर उभा करायला 0.3 सेकंद किंवा जास्त लागतात, आणि तेवढ्यात किक संपलेली असते. त्यामुळे किती जोर आहे यापेक्षा पहिल्या 0.1-0.2 सेकंदात किती जोर उठतो हे महत्त्वाचं. बैठका, एका पायावरच्या बैठका, आणि जमिनीला पाय लागताच उसळणाऱ्या छोट्या उड्या, इतकं मुलांना पुरतं. ताणाबद्दल एवढंच, की एकाच स्थितीत मिनिटभर किंवा जास्त ताणून धरण्याचे प्रकार सरावानंतर करावेत. आधी केले तर स्नायूचा झटका काही काळ थोडा मंदावतो. आधी पाय झुलवावेत.

मोबाईल खोटं बोलत नाही

बऱ्याच फोनमध्ये आता स्लो मोशन असतं, सेकंदाला 240 चित्रं घेणारं. फोन बाजूला टेकवून किक टिपा आणि चित्रं एकेक करून पुढे सरकवत मोजा. गुडघा हलल्यापासून टार्गेटला लागेपर्यंत 72 चित्रं आली तर 72 भागिले 240, म्हणजे 0.3 सेकंद. मग पुन्हा मोजा, पण या वेळी अंगातलं काहीही पहिल्यांदा हलल्यापासून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या खांद्याची चुगली. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझा फरक 20 चित्रांचा होता, 0.08 सेकंदाहून जास्त. दोन वर्षं वाळू तुडवून जे मिळालं नव्हतं, ते तीन महिने खांद्याकडे लक्ष देऊन मिळालं. महिन्यातून एकदा मोजावं. रोज मोजणारा रोज आवळतो.

दहा ते पंधरा वयाच्या मुलांबाबत एक सांगून ठेवतो. या वयात हाडं झपाट्यानं वाढतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाशी दुखायला लागलं आणि तिथे उंचवटा आला तर 'सहन कर' म्हणू नये. तिथे मांडीचा मोठा स्नायू वाढत्या हाडाला ओढत असतो. किक आणि उड्या कमी कराव्यात, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं. आणि हवेत पूर्ण वेगानं किक कुणीच मारू नये, मोठ्यांनीही नाही. टार्गेट नसलं की सगळा वेग गुडघा झेलतो.

जूनमध्ये पाऊस धरला की आमचा वर्ग पुळणीवरून एका शाळेच्या हॉलमध्ये जातो. कोब्याची जमीन, भिंतींना ओल, पोरं छत्र्या झटकत आत येतात. मॅट चारच आहेत, त्या पाळीपाळीनं मिळतात. जमीन ओलसर असेल त्या दिवशी किक बंद. मग प्रत्येकाच्या हातात एक रिकामं पोतं देतो, दोन्ही पावलं वळवून, कमरेतून फिरून ते समोर पसरून पडलं पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्यांचं बोचकं होतं. काकांनी दारात उभं राहून हे बघितलं, चप्पल काढली, आत आले आणि एका झटक्यात पोतं चटईसारखं पसरलं. त्यांचे वडील असगोलीच्या बाजूला पाग फेकायचे, हे मला तेव्हा कळलं.